रिकाम्या शेपटीचा उजेड

आमच्या प्रयोगशाळेतल्या फ्रीझरबाईंबद्दल कोणीतरी लिहायला हवं होतं. कोणी लिहिलं नाही, म्हणून मी, तिथल्या भांडारातला निवृत्त कारकून, लिहितोय. चूकभूल माझी.

बाई बावीस वर्षं प्लाझमिड बनवत होत्या. प्लाझमिड म्हणजे डीएनएचं इवलंसं कडं. त्यात हव्या त्या प्रथिनाचा जनुक बसवायचा आणि त्याला चमकणारी हिरवी शेपटी जोडायची. कडं प्राण्याच्या पेशीत सोडलं की पेशी शेपटीसकट प्रथिन बनवते. मग ते कुठे बसलंय ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. ही कडी बाई कुप्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवत, आणि तपासल्याशिवाय कुपी कोणाच्या हातावर ठेवत नसत.

प्रयोगशाळेच्या प्रमुख साहेबांना मात्र दम निघत नव्हता. पाहणी समिती येणार होती. बाई जेवायला गेलेल्या बघून त्यांनी स्वतःच फ्रीझरमधून कुपी उचलली. दोन दिवसांनी पेशी हिरव्यागार, आणि साहेबांचे पाय जमिनीवर नाहीत.

"हे प्रथिन केंद्रकात बसतं म्हणे! इथे तर पेशीभर पसरलंय. शोध आहे हा, बाई!"

बाईंनी कुपीच्या झाकणावरची, फक्त त्यांनाच कळणारी खूण पाहिली. "साहेब, ही रिकामी. नुसती शेपटी आहे, प्रथिन नाहीच. एकटी शेपटी गावभर हिंडते."

"तुम्ही कुप्या सांभाळा. आणि हो, तुमच्या नोकरीच्या मुदतवाढीचा कागद माझ्या टेबलावर आहे."

घरी नवऱ्याने डोक्याला हात लावला. "अगं, मान डोलवायला काय जातं तुझं?"

बाईंनी मान डोलवली नाही. त्यांनी दुसऱ्या पेशींत मुद्दाम रिकामं कडं सोडलं. समिती आली तेव्हा दोन सूक्ष्मदर्शक शेजारी शेजारी मांडलेले होते.

"वा!" समितीचे म्हातारे अध्यक्ष पहिल्यावर वाकून म्हणाले.

"सर, शेजारचंही बघा."

"हेही तेच की!"

"हे रिकामं आहे, सर."

साहेब खाकरले. "ही तुलना करायला मीच सांगितलं होतं. घाईने शोध जाहीर करणं माझ्या स्वभावात नाही."

समितीने अहवालात साहेबांच्या सावधपणाचं कौतुक केलं आणि अशी तुलना दर वेळी व्हावी असं बजावलं. आता दर वेळी रिकामी कुपी लागणार, आणि चारशे कुप्यांतून ती शोधणार कोण? साहेबांनी दोन दिवस शोधून पाहिली. तिसऱ्या दिवशी मुदतवाढीवर सही झाली.

बाईंनी कागद घेतला आणि फ्रीझरला कुलूप मागायला भांडारात आल्या. मी सगळ्यात जाड कुलूप दिलं.