गुलाबमामाचं वीस लिटर

गुलाबमामा कुठलीही पातळ वस्तू थेट तोंडाला लावत नसे. चहा असो, कढी असो, नाहीतर डॉक्टरांनी दिलेलं खोकल्याचं औषध असो. आधी एक थेंब डाव्या मनगटावर घ्यायचा, वास घ्यायचा, मग जिभेचं टोक लावायचं आणि मग काय ते बोलायचं. लग्नाच्या पंगतीतही हेच. वाढणारा बिचारा बादली धरून निकालाची वाट पाहत उभा. "मीठ मांगून राहिली," मामा सांगायचा, आणि कढी खरोखरच मीठ मागत असायची.

माझ्या आईचं माहेर आणि सासर दोन्ही आंधळगावच, मधे फक्त एक गल्ली. माहेरी हातमाग होते. आजोबांनी मामाला मागावर बसवायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण तो पळून नागपूरला गेला आणि एका हॉटेलच्या बारमध्ये अठरा वर्षं काउंटरमागे उभा राहिला. गुडघे बोलायला लागले तेव्हा परत आला आणि एसटी थांब्यापाशी रसाची गाडी लावली. गाव त्याला 'बारवाला' म्हणायचं. तो स्वतः मात्र मनगटावरच्या थेंबाच्या पुढे कधी गेला नाही. मी बीएस्सी झाले, आमच्या दोन्ही घरांतली पहिली पदवीधर, तेव्हा त्याने दिवसभर रस फुकट वाटला आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला माझे टक्के सांगितले. तेही दोन वाढवून.

लग्नाच्या आदल्या दिवशी पोरांची पार्टी असली की लोक मामाकडे यायचे. बाटल्या तुम्ही आणा, बाकी मी पाहतो, असा त्याचा करार. वीस लिटरच्या स्टीलच्या कॅनमध्ये तो टरबुजाचा गाळलेला रस, पुदिना, काळं मीठ, लिंबू आणि फक्त दोन बाटल्या पांढरी रम घालायचा. दोनच्या वर तिसरी कोणी पुढे केली तर ती आपल्या पिशवीत टाकून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी परत करायचा. "पिणारा आपल्या पायानं घरी गेला पाहिजे," हे त्याचं ठरलेलं वाक्य. "खांद्यावर गेला तं पार्टी माही बिघडली."

त्याची पद्धत पाहण्यासारखी होती. एकेक ग्लास बनवताना बर्फ विरघळून पाणी आपोआप मिसळतं, कॅनमध्ये ते आपणच मोजून घालावं लागतं, हे तो मला समजावून सांगायचा. बर्फाचे तुकडे नाही, अख्खी लादीच हवी, म्हणजे ती हळू पाझरते. सोडा अगदी शेवटी, कडेकडेने. न पिणाऱ्यांसाठी दुसरा कॅन, त्यात रम सोडून सगळं तेच. त्याला तो 'कोरा' म्हणायचा, आणि कोऱ्याची चव जराही कमी पडलेली त्याला खपत नसे. मी कायम कोऱ्याचीच गिऱ्हाईक.

माझ्या धाकट्या भावाचं, प्रशांतचं लग्न कोंढ्याच्या मुलीशी ठरलं. मुलीच्या वडिलांनी एकच गोष्ट बजावली होती. त्यांच्या गावात एका हळदीला पिऊन डोकी फुटली होती. तसा धिंगाणा आमच्याकडे झाला तर वरात कोंढ्यात आणायची नाही. इकडे प्रशांत मित्रांना पार्टी कबूल करून बसलेला. बाबा आणि तो एकमेकांशी बोलेनात. शेवटी मामा दोघांच्या मधे खाट ओढून बसला. पार्टी होईल आणि धिंगाणा होणार नाही, माझ्यावर सोडा, म्हणाला. नजर ठेवायला मुलीचा मोठा भाऊ स्वतः येणार होता.

पार्टीच्या दिवशी दुपारी मामाने कॅन तयार केला आणि बर्फाची लादी आणायला मोहाडीला गेला. मी तेव्हा भंडाऱ्याच्या एका शाळेत नुकती लागले होते. शाळेतल्या तीन मॅडम संध्याकाळी येणार होत्या, आणि मांडवात मधोमध तो पोचे पडलेला कॅन! मला लाज वाटली. पहिल्या पगारातून मी भंडाऱ्याच्या बाजारातून आईसाठी मोठं पितळेचं घंगाळ आणलं होतं, अजून पाणीसुद्धा न पाहिलेलं. मी ते घासून लखलखीत केलं, मधे मांडलं, भोवती झेंडूची माळ लावली आणि कॅनमधलं सगळं त्यात ओतलं. लाल रस, पिवळं पितळ, वर पुदिना. फोटोही काढले.

आता हे लिहायलाच हवं, की त्या शाळेत मी नववीला विज्ञान शिकवायचे. आम्ल आणि धातू हा धडा त्याच महिन्यात झाला होता. पण घंगाळ म्हणजे आंघोळीचं पाणी, कल्हई लागते ती पातेल्यांना, असं काहीतरी डोक्यात घट्ट बसलेलं. आणि रमवालं मी पीत नाही, त्यामुळे चाखून पाहण्याचा प्रश्नच नव्हता.

मामा पाचच्या सुमारास आला. घंगाळ पाहून थांबला. मनगटावर थेंब घेतला, वास घेतला, जीभ लावली आणि थुंकला. मग आतल्या कडेवर रसाच्या रेघेखाली बोट फिरवलं. तिथलं पितळ गुलाबी पडलं होतं.

"पितळेत आंबट कळकलं," तो म्हणाला. "कोणं ओतलं व?"

मी म्हटलं, मी.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मांडवाच्या दाराकडे पाहिलं आणि घंगाळाची एक कडी धरली. दुसरी मला धरायला सांगितली. बाबांचे एक मित्र म्हणाले की इतकं कायले फेकता, पोरांना काय समजतं. मामाने ऐकून घेतलं आणि घंगाळ मागच्या नालीत पालथं केलं. कोणी विचारायच्या आत तोच मोठ्याने म्हणाला, "आज माह्या हातून बिघडलं बाप्पा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

 तोवर तिन्ही मॅडम दारात उभ्या होत्या.

पिशवीत एकच बाटली उरली होती, ती ठेवून घेतलेली तिसरी. प्रशांत मोटारसायकल काढायला निघाला तर मामाने त्याला बसवलं, एकीत भागते म्हणाला. गाडीवरची टरबुजं आली. त्याने कॅन धुतला. मला लिंबं कापायला दिली, स्वतः पाट्यावर मूठभर आलं आणि काळी मिरी वाटायला घेतली. एवढं तिखट कशाला, मी विचारलं.

"घशात ठसका लागला की माणसाले वाटते चढली," मामा हळूच म्हणाला. "पायाले पत्ताच नाई लागत."

कोंढ्याचा पाहुणा आला तो लग्नाला नाही, पंचनाम्याला आल्यासारखा. पहिल्या घोटाला त्याला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. त्याने दुसरा ग्लास घेतला. प्रशांतचे मित्र एकमेकांना सांगत होते की आजची कडक आहे, सांभाळून. एक जण तर भिंतीला धरून चालत होता. वीस लिटरमध्ये एक बाटली, आणि तो भिंत धरून! सगळ्यांनी गाणी म्हटली, वांग्याची भाजी आणि पोळ्या खाल्ल्या, आणि नऊच्या आत आपापल्या पायांनी घरी गेले. पाहुण्याने तर नाच रंगात असतानाच माझ्यासमोर वडिलांना फोन लावला होता.

"बाबा, येऊ द्या वरात. लोकं नाचून राहिले, पण उभे आहेत."

लग्न झालं. पाहुणे पांगल्यावर मी मामाला गाडीवर गाठलं आणि विचारलं, खोटं काहून बोलला? तो लिंबू पिळत होता.

"माहं काय, मी रसवाला. माहं बिघडलं तं लोक हासतेन, अन् भुलून जातेन. तुहं बिघडलं तं म्हणतेन, पोरीले शिकवून काय भेटलं." मग ग्लास पुढे केला. "पे. स्टीलचा आहे."

लोक हसले हे खरं, पण विसरले नाहीत. पुढे कोणाकडे कॅन लागला की कोणीतरी विचारायचंच, मामा, आज तर नाही ना बिघडणार? तो मनगट पुढे करून म्हणायचा, तूच पाहून घे.

मामा गेल्या हिवाळ्यात गेला. रात्री जेवून झोपला तो सकाळी उठला नाही. तिसऱ्या दिवशी अंगणात माणसं बसली होती, त्याच्याच गोष्टी निघाल्या होत्या. बाबांचे तेच मित्र म्हणाले, हात मोठा पक्का होता गुलाबचा, प्रशांतच्या लग्नात तेवढा एकदा चुकला. मी चहा देत होते. कप खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की ते मी केलं होतं. कॅनमधून पितळेच्या घंगाळात मी ओतलं होतं, मामाने माझ्यासाठी अंगावर घेतलं.

सगळे माझ्याकडे मायेने पाहायला लागले. मित्र म्हणाले, "राहू दे बाई. मामाची बाजू घेऊन राहिली तू. बीएस्सी झालेली पोरगी पितळेत लिंबू ओतंल का?"

बाकीच्यांनी माना हलवल्या. मी फोटो दाखवला तर म्हणाले, घंगाळ सुंदर आहे.

मामीने तो पोचे पडलेला कॅन मला दिला. घंगाळ आईकडे आहे. आत हात घातला तर ती गुलाबी रेघ अजून दिसते. ज्यांना अंगणात पटलं नाही त्यांच्यासाठी इथे लिहून ठेवते: गुलाबमामाच्या हातून कधीच काही बिघडलं नाही. ते वीस लिटर माझं होतं.