पंपाची बंदूक आणि माझी दया

हसणार असाल तर तोंडातला चहा आधी गिळून घ्या, मग सांगतो. ठसका लागला तर माझ्या नावानं बोंब नको!

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. सेनगावाजवळच्या आमच्या गावात बाकीच्यांकडे ठासणीच्या बंदुका, अन् माझ्याकडे हैदराबादेहून आणलेली पंपाची! नळीखालची लाकडी मूठ मागं ओढली की रिकामं काडतूस बाहेर, पुढं ढकलली की नवं आत. खट-खटाक! कधी अडली नाही, कधी रुसली नाही.

मग सुखानं वापरावी की नाही? छे! मी तिला सजवायला घेतली. चामड्याचा पट्टा लावला. दस्त्यावर काडतुसं खोवायला कातड्याची पट्टी शिवून घेतली. अन् कळस म्हणजे, नळीखाली बॅटरी बसवायला किसन लोहाराकडून लोखंडी कडं ठोकून घेतलं.

किसन म्हणाला, "मालक, मूठ मागं यायच्या वाटंतच कडं येऊन राहिलं."

"तू नांगराचे फाळ बघ. बंदुकीतलं तुला काय कळतं?"

बायको म्हणाली, "बंदूक हाय का पोळ्याचा बैल?"

मला ती तारीफच वाटली, बोला आता!

त्या साली रानडुकरांनी ज्वारीचा पार फडशा पाडला होता. एका सकाळी आरोळी आली, "डुकरं शिरली!" मी बंदूक घेऊन पुढं, अख्खं गाव मागं. एक दांडगा नर दिसला. कडं बसवायच्या आधीच नळीत भरून ठेवलेल्या काडतुसाचा बार काढला. छर्रे कुठं गेले, देव जाणे! नर पळाला, आणि त्या आवाजानं ज्वारीतून एक डुकरीण बाहेर आली. मागं सहा पिलं.

मी मूठ ओढली. अर्ध्यावर आली आणि कड्याला अडली! काडतूस अर्धं आत, अर्धं बाहेर. ना मागं, ना पुढं. डुकरीण माझ्याकडं बघून राहिली, मी डुकरिणीकडं. शेवटी तिलाच कंटाळा आला असावा. पिलं घेऊन ओढ्याकडं निघून गेली.

मी बंदूक खाली केली. तोच मारुतीच्या देवळातले पुजारी शंभुबुवा धावत आले, डोळ्यांत पाणी!

"पिलं बघून थांबलात ना, मालक?"

"अं... हात आपोआप थांबला, बुवा."

हे खोटं होतं का? तुम्हीच सांगा!

झालं! संध्याकाळी देवळात नारळ, हार. बायाबापड्या लेकरांना माझ्या पाया पडायला लावू लागल्या. मलाही, लपवू कशाला, लई गोड वाटलं. त्याच भरात बुवा म्हणाले, "आता मारुतीसमोर शब्द द्या. पुन्हा मुक्या जनावरावर बंदूक उचलणार न्हाई."

आणि मी दिला!

गर्दीत किसन तेवढा मिशीत हसून राहिला होता.

दुसऱ्या दिवशी त्याच्याकडूनच कडं काढून घेतलं. मूठ लोण्यासारखी फिरली. पण उपयोग काय? बंदूक खुंटीला, आणि मी मचाणावर रिकामा डबा बडवत!

आठवडाभरात अख्खा कळप आला, लग्नाचं वऱ्हाड आल्यासारखा. मी डबा बडवला, ओरडलो, ढेकळं फेकली. एकानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि निवांत कणीस मोडलं.

किसन बांधावरून ओरडला, "काहून घसा फोडता, मालक? तुमच्या दयेची खबर त्यायलेबी लागली दिसते!"