बायबलातले कागद

व्हर्डेल स्टोकलीचा आवाज शाळेच्या स्वयंपाकघरातून थेट रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. एकतीस वर्षं तिने जॉर्जियातल्या आमच्या काउंटीच्या पोरांना मक्याचा पाव आणि चवळी खाऊ घातली. नासकं दूध पाठवणाऱ्या ठेकेदाराला तिने मुख्याध्यापकांच्या देखत असं झापलं, की पुढे तो स्वतः येईनासाच झाला, ड्रायव्हरला धाडायचा. कुणाच्या बापाला न भिणारी बाई. पण एका बाबतीत तीही आमच्यासारखीच येडी निघाली. जमिनीचा कागद तिने बायबलात ठेवला.

आमच्या काळ्या लोकांत सगळेच ठेवत. १९३१ साली एझरा बिनियनचा थोरला भाऊ खरेदीखत नोंदवायला कचेरीत गेला होता. कारकून म्हणाला, ठेवून जा, उद्या ये. दुसऱ्या दिवशी गेला तर कसला कागद आणि कुणाचा कागद. वर्षाच्या आत शेत शेजारच्या गोऱ्याचं झालं. पुढे एझराकाका आमच्या चर्चचे डीकन, म्हणजे कारभारी, झाले आणि ज्याच्या हाती जमीन येईल त्याला बजावू लागले, कचेरीची पायरी चढू नका, कागद देवाच्या पुस्तकात ठेवा. कुणी ऐकलं नाही असं झालं नाही.

व्हर्डेलनेही ऐकलं. सायलसमामाची तिने चार वर्षं सेवा केली, म्हणून त्याने १९५८ मध्ये बारा एकर तिला लिहून दिले. साक्षीला दोघे होते, एक एझराकाका आणि दुसरा पुढे वारला. तिच्या नवऱ्याने तिथे पेकनची, त्या अक्रोडासारख्या फळाची, एकोणीस झाडं लावली. आयुष्य भाड्याच्या घरात काढलेल्या व्हर्डेलला नोकरी सुटल्यावर त्या झाडांत दोन खोल्या बांधायच्या होत्या. नवरा गेल्यावर तर तिला दुसरं काही सुचतच नव्हतं.

१९७४ च्या ऑक्टोबरात, एका सोमवारी सकाळी, ती पेकन वेचायला गेली, तर प्रत्येक झाडाला गुलाबी फीत बांधलेली. मोजणीवाल्यांची; त्यांच्याकडूनच तिला सगळं कळलं. मामाचा मुलगा रोस्को, डेट्रॉइटला राहणारा, बापाच्या मयतीला आला होता. जाता जाता तीच जमीन त्याने एका लाकूडवाल्याला विकली होती. कचेरीत बापाचंच नाव होतं ना.

व्हर्डेलने घरी जाऊन बायबलातला कागद घेतला आणि तशीच चिखलाच्या बुटांनी कचेरीत गेली. खिडकीत डार्लीन नावाची विशीतली गोरी पोरगी होती.

"काय गं व्हर्डेल, काय काम काढलंस?"

"बाई, हे नोंदवायचंय. रोस्कोचा कागद आलाय का?"

"अजून नाही आला." पोरीने कागद उलटून पाहिला. "यावर नोटरीची सही नाही. साक्षीदार इथे येऊन शपथेवर सांगेल, तर घेता येईल. आज पाचपर्यंत आण त्याला. आधी ज्याचा कागद वहीत चढला, जमीन त्याची."

साठीच्या बाईला अगंतुगं. पण तेव्हा भांडायला वेळ नव्हता. एक वाजता ती एझराकाकांच्या पडवीत उभी होती. काका शेंगा सोलत बसले होते.

"काका, चला. तुमचीच सही आहे."

"मी त्या इमारतीत पाऊल टाकणार नाही, पोरी. माझ्या भावाचं काय झालं तुला ठाऊक आहे."

"तुमच्या भावाचं झालं ते झालं. आता माझं होतंय, आणि ते तुमच्यामुळे होतंय. तुम्हीच सांगितलंत बायबलात ठेव म्हणून."

"देवाच्या घरी सगळी नोंद असते."

"देव लाकूडवाल्याला झाडं तोडू नको म्हणून सांगायला येणार आहे का, काका? तुम्हाला भीती वाटते. भक्तीबिक्ती काही नाही, भीती. चाळीस वर्षं ती भीती आम्हाला शिकवलीत."

काकांनी पुढची शेंग सोलायला घेतली. व्हर्डेल तासभर बोलत राहिली, आधी रागाने, मग पाया पडण्याच्या बेताला येऊन. त्यांनी शेंगांची टोपली उचलली आणि आत जाऊन कडी लावली.

मंगळवारी सकाळी आठला ते तिच्या दाराशी हजर. मयतीला घालायचा काळा सूट, डोक्यावर टोपी, पापण्या सुजलेल्या. "चल," एवढंच म्हणाले. कचेरीच्या पायऱ्या ते कठडा धरून चढले. व्हर्डेलने हात दिला नाही. खिडकीपाशी त्यांनी हात वर करून शपथ घेतली, आपली सही ओळखली, आणि डार्लीनने शिक्का उचलला. मग तिने मोठी वही ओढून पाहिली.

"हा चढवते मी. पण लाकूडवाल्याचा काल चढला. चारला दहा कमी असताना. आता तू वकील कर."

कुणाविरुद्ध आणि कुणाच्या कोर्टात, हे व्हर्डेलला विचारावं लागलं नाही. सगळे गोरेच.

"काल एक वाजता आला असतात तर," ती काकांना म्हणाली, हळू आवाजात. त्या आवाजात तिला कधी कुणी ऐकलं नव्हतं. "एक वाजता, काका. दहा मिनिटांचा रस्ता. माझ्या नवऱ्याची झाडं तुम्ही घालवलीत."

"हो," काका म्हणाले.

मग त्यांनी कोटाच्या आतून तेलकट कापडात गुंडाळलेला कागद काढला आणि खिडकीत सरकवला. चर्चच्या जमिनीचा. चर्च, मागची दफनभूमी, सगळं त्या एका कागदावर, १९३४ पासून त्यांच्या बायबलात.

डार्लीनने उलटून पाहिला. "यालाही नोटरी नाही. साक्षीदार कुठे आहेत?"

"त्याच जमिनीत पुरलेत," काका म्हणाले.

"मग साक्षीदाराचं अक्षर ओळखणारं कुणीतरी शपथेवर सांगायला हवं. नाहीतर मी घेऊ शकत नाही."

काका तिथेच भिंतीला टेकले. व्हर्डेल दाराकडे निघाली होती. तिला जायचंच होतं. त्या म्हाताऱ्याचं तोंडही बघायचं नव्हतं, आणि तो हक्क तिने पुरेपूर कमावला होता. पण ती वळली, कागद ओढून घेतला आणि खालची साक्षीदाराची सही पाहिली. तिच्या आईची होती. आई रविवारच्या शाळेत शिकवायची, व्हर्डेलला पाटीवर अक्षरं तिनेच गिरवून दिली होती.

"सरका बाजूला," ती काकांना म्हणाली. "मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करणारही नाही."

"नको करूस."

"नाव?" डार्लीनने लेखणी उचलली.

"मिसेस व्हर्डेल स्टोकली. आणि मला अहो म्हणा."

पोरगी लाल झाली. मग म्हणाली, "उजवा हात वर करा."

व्हर्डेलने हात वर केला आणि आईचं अक्षर आपण ओळखतो असं खड्या आवाजात सांगितलं. बाहेरच्या रांगेतल्या लोकांनीही ते ऐकलं.