आधी माणसाले पाह्य

जगात दोनच जणी कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. एक माणसाच्या छातीतली धडधड आणि दुसऱ्या आमच्या इन्चार्ज सिस्टर. मी नवी नर्स म्हणून बुलढाण्याच्या दवाखान्यात रुजू झाले, तेव्हा ईसीजीची पट्टी मला शिलाई शिकणाऱ्या पोरीच्या वाकड्या टाक्यांसारखी दिसायची. मोताळ्याच्या या बाईंना ते कसं खपावं! दर शनिवारी दुपारी त्या आम्हा नर्सांना एका रिकाम्या खोलीत कोंडून हृदयाचे ताल शिकवत. परवानगी? कुणाचीच नाही. "पट्टी वाचणं डॉक्टरांचं काम, नर्सनं काढून दिली की झालं," असं एका साहेबांनी सुनावलं, तर या कंबरेवर हात ठेवून दारातच उभ्या. "काऊन सायेब? डॉक्टर येईस्तोवर पेशंटच्या काळजानं दम धरावा काय?" साहेब आल्या पावली परतले आणि वर्ग चालू राहिला.

शिकवायची तऱ्हाही जगावेगळी. स्वयंपाकघरातून परात पळवून आणायची, मांडीवर पालथी घालायची आणि भाकर थापल्यासारखे तिच्यावर हात मारायचे. "आयक, हा सरळ ताल. सुगरण बाई थापून राह्यली. आता हे नवी नवरी. कोणती थाप कवा पडन, तिलेच मालूम नाही. हा बिघडलेला ताल. समजलं काय बे?" साहेब सोडून सगळ्यांना त्या 'बे'च म्हणत, मग समोर बाई असो की बुवा. परात शोधत आलेल्या स्वयंपाकीणबाईंनाही त्यांनी एकदा खाली बसवून दोन ताल शिकवूनच परत पाठवलं.

एके सकाळी वॉर्डातला मॉनिटर अचानक कोकलायला लागला. पडद्यावर रेघ अशी नाचत होती की माझीच छाती बंद पडायची वेळ आली. शॉक द्यायचं मशीन ओढत मी धावले. पाहते तर आजोबा पलंगावर मजेत बसून तळहातावर तंबाखू चोळत होते! हात हलला की छातीला लावलेल्या तारा हलतात आणि तारा हलल्या की रेघ नाचते. "काय झालं बाई? तुले पाह्यजे काय चिमूटभर?" आजोबांनी विचारलं. सिस्टर हसून हसून खुर्चीत कोसळल्या आणि तिथूनच कडाडल्या, "मशीनले काय पाह्यतं बे? आधी माणसाले पाह्य!"

तेव्हापासून वर्गात सिस्टर स्वतःच पेशंट होऊ लागल्या. अंगाला तारा लावून निजायचं आणि चादरीखाली रिकामा तळहात चोळायचा. एखादी नवी पोरगी रेघ पाहून किंचाळली की बाईंना कोण आनंद!

एका शनिवारी सिस्टर तशाच निजल्या. मी पट्टी काढली. दोन ठोक्यांमधली सपाट असायला हवी ती रेघ टेकाडासारखी वर उचललेली. मागून पोरी खिदळल्या, "सिस्टर, पुरे झाला तंबाखू!" मी पट्टी खाली ठेवली आणि त्यांच्याकडे पाहिलं. दोन्ही हात स्वस्थ पडलेले. कपाळावर घाम, ओठ पांढरे.

"सिस्टर, हा अटॅक आहे."

"काही नाही मले. पित्त झालं. वर्ग थांबवायचा नाही, हुकूम हाये माहा!"

"हुकूम गेला चुलीत!" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले आणि डॉक्टरांना बोलवायला पळाले. उपचार सुरू झाले, मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी आली, तर स्ट्रेचरवरून बाईंचं चालूच, "पट्टी दाखव मले." पट्टी पाहिली, मान डोलावली. "बरोबर वाचली. पण उशीर लावला बे तुनं."

सिस्टर वाचल्या. नोकरी मात्र सुटली. आता मोताळ्यात घरी असतात आणि डॉक्टरांनी दिलेल्या पथ्याशी रोज भांडतात. वर्गाचं काय, असं साहेबांनी पुन्हा विचारलं, तेव्हा कंबरेवर हात ठेवून मी दारात उभी राहिले. वर्ग चालू आहे. अंगाला तारा लावून आता मी निजते, तळहात चोळते.

शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन हमखास येतो. "फसली काय आज कोणी?"

"नाही सिस्टर. सगळ्या पोरी आधी माझ्या तोंडाकडंच पाहतात."



"मंग मजा काय राह्यली बे," त्या हळूच म्हणतात. पण फोन ठेवत नाहीत. मीही ठेवत नाही.