भिंतीपलीकडचा राजा

आमच्या गल्लीत कपडे शिवणाऱ्या काकूंना सगळे शिंपीणकाकू म्हणतात. शेजारच्या घरात त्यांची धाकटी जाऊ राहते. दोघींच्या परसांमध्ये छातीएवढी भिंत, आणि तिच्यावरून त्या एकमेकींशी बोलत नसत. म्हणजे कोंबड्यांमार्फत बोलत. "ए भवाने, लोकांच्या दारात तोंड घालायला जाऊ नकोस," असं काकू आपल्या तांबडीला बजावत. पलीकडून जाऊ आपल्या कोंबड्याला म्हणे, "राजा, तू लक्ष देऊ नकोस. काहींना सवयच असते." कोंबड्यांना यात काडीचा रस नव्हता. आम्हाला मात्र होता.

भांडण मानमोडीवरून. एका उन्हाळ्यात कोंबड्यांच्या माना वाकड्या झाल्या आणि बघता बघता दोन्ही खुराडी रिकामी झाली. रोग तुझ्याकडून आला, असं दोघी एकमेकींना म्हणाल्या, आणि तेच त्यांचं शेवटचं थेट बोलणं. दोघींनी पुन्हा पिल्लं आणून वाढवली, पण काकू मशीनवर बसल्या तरी त्यांचा एक कान खुराड्याकडे असे. पुन्हा तसंच झालं तर, या धास्तीने त्या खंगत चालल्या होत्या.

विद्यापीठाच्या डॉक्टरीणबाई शाळेच्या वर्गात कोंबड्या पाळणाऱ्यांना शिकवायला येऊ लागल्या, तेव्हा काकू पहिल्या बाकावर. मानमोडीवर लस असते, थेंबभर डोळ्यात घालायची, एवढं ऐकताच त्यांनी पिशवीत हात घातला. "द्या एक बाटली."

"एका बाटलीत शंभर कोंबड्यांची लस असते, काकू. आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवायची."

"माझ्या नऊ आहेत. उरलेली फेकून देईन."

"फेका. पण शेजारच्या तशाच राहिल्या तर रोग गल्लीतच फिरत राहणार. तो कोणाकडून आला ते शोधण्यात अर्थ नसतो. चपलेला चिकटूनसुद्धा येतो."

काकू घरी आल्या. गल्लीतली बाकीची घरं त्यांनी लसीसाठी हा हा म्हणता पटवली. एकच दार उरलं. संध्याकाळी त्यांनी तांबडीला काखेत मारलं आणि भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"ऐक गं. उद्या सकाळी शाळेत लस आहे. ज्याला आपला कोंबडा जगवायचा असेल त्याने यावं. आणि त्या वेळी चूक कोणाचीच नव्हती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या."

 पलीकडून जाऊ म्हणाली, "राजा, उद्या जरा लवकर आरव."

शाळेत राजाने तिघांना ओरबाडलं. शेवटी काकूंनी त्याचे पाय धरले, जावेने मान, आणि डॉक्टरीणबाईंनी थेंब सोडला. दोघी पूर्ण वेळ कोंबड्याकडेच बघत होत्या. पुढे दर तीन महिन्यांनी गल्ली शाळेत जमू लागली आणि राजाला धरायचं काम या दोघींकडेच राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात मागच्या वस्तीत मानमोडी आली. कळलं तशा काकू शिवण अर्धवट टाकून परसात धावल्या. घाईत खुराड्याची कडी निघेना. दार उघडलं आणि सगळ्याजणी एकमेकींना ढकलत बाहेर आल्या, माना ताठ, तांबडी सगळ्यांच्या पुढे. काकू तिथेच बसून पोटभर रडल्या. मग डोळे पुसून भिंतीशी गेल्या. या वेळी काखेत कोंबडी नव्हती.

"धाकटे, राजा कसा आहे?"

"चांगला आहे, ताई," पलीकडून लगेच उत्तर आलं. "तुमच्या?"

"सगळ्या आहेत," काकू म्हणाल्या.