काचेवरचा तळवा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला आधीपासून वैताग आहे. आमच्या कट्ट्यावरच्या कोणाला तरी कुठल्या ना कुठल्या वळणावर काहीतरी दिसलेलं असतं, आणि आपण बघायला गेलो की तिथे काही नसतं. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण घरी, कामावर, डॉक्टरांकडे... सगळीकडे सांगून झालं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत प्रत्येकाने कारण हातात ठेवलं. म्हणून आता इथे.

मी मालवणजवळच्या एका बर्फाच्या फॅक्टरीत ऑपरेटर आहे. मासेमारीला जाणाऱ्या होड्यांसाठी आम्ही बर्फ बनवतो आणि त्याला अमोनिया गॅस लागतो. तो गळला तर डोळे, घसा जाळतो. जास्त झाला तर माणूस जातो. त्यासाठी गॅस मास्क असतो – सगळा चेहरा झाकणारा, पुढे काच, खाली फिल्टरचा डबा.

या मास्कबद्दल जरा बोलू द्या. ज्याने तो कधी घातला नाही, त्याला पुढचं पटणार नाही. तो चढवला की बाहेरचे आवाज दबतात आणि स्वतःचा श्वास भात्यासारखा कानात वाजायला लागतो. हवा आपणहून येत नाही, ओढून घ्यावी लागते. चष्मा आत बसत नाही. माझा नंबर मायनस पाच! म्हणजे अर्धा बहिरा, अर्धा आंधळा, आणि वर घामाने काच धुरकट. अशा वेळी मला भयंकर राग येतो. कोणावर, ते माहीत नाही. सरावाला मी दर वेळी तो सगळ्यांच्या आधी ओरबाडून काढायचो. पोरं म्हणायची, संजय घाबरतो. मी म्हणायचो, घाबरत नाही, वैतागतो. दोन्हींत फरक काय, ते आता मलाही सांगता येणार नाही.

गेल्या सीझनला, भर दुपारी, जेवणं आटपून आम्ही उठत होतो. कॉम्प्रेसर रूममध्ये एका व्हॉल्व्हपाशी गॅस सुटला. बाकीचे शेजारच्या वाडीतल्या लोकांना लांब न्यायला धावले. दयाकाका, आमच्यातले सगळ्यात जुने कामगार, दाराबाहेर पाण्याचा पाइप धरून उभे राहिले. पाण्याने गॅस दबतो. आत जाऊन व्हॉल्व्ह बंद करायचं काम माझं. धड मास्क एकच होता. दुसऱ्याचा पट्टा कधीचा तुटलेला, सांगून सांगून माझं तोंड दुखलं होतं.

चष्मा खिशात टाकला, रबरी ग्लोव्हज चढवले आणि गेलो. आत सगळं पांढरं. चाचपडत व्हॉल्व्ह सापडला, पण चाक घट्ट बसलेलं. जोर लावला तसा श्वास वाढला, आणि श्वास वाढला तशी हवा पुरेना. मग डोक्यात एकच गोष्ट आली, अगदी स्वच्छ – हवा आहे, हा मास्कच ती अडवतोय. काढ. मी चाक सोडलं आणि दोन्ही हातांनी हनुवटीखालून मास्क उपटायला लागलो.

तेवढ्यात समोरून कोणीतरी हात ठेवला. थेट काचेवर. मास्क माझ्या तोंडावर दाबून धरला.

मी शिव्या घातल्या. "हात काढ! मरतंय मी, हात काढ!" वाटलं, दयाकाकाच. मी ओढतोय, तो दाबतोय. मला लांबचं दिसत नाही, पण जवळचं छान दिसतं. तळवा काचेला टेकलेला होता. उघडा. ग्लोव्ह नाही. रेषा दिसत होत्या, मधोमध आडवा, जुना, भरून आलेला व्रण. त्यामागे पांढऱ्याशिवाय काही नाही.

किती वेळ गेला कळलं नाही. हळूहळू श्वास बसला. हात दुखून मी ओढायचं थांबलो, तेव्हा काचेवर काही नव्हतं. चाक फिरवलं. ते फिरलं. भिंतीला धरून बाहेर आलो, मास्क काढला आणि आधी दयाकाकांवरच ओरडलो. "मास्क नाही, ग्लोव्हज नाहीत, आत कशाला आलात? मरायचं होतं?"

त्यांच्या हातात पाइप तसाच चालू होता. "मी खंय इलंय? हयसून हललंय नाय मी," ते म्हणाले. मग पाइप खाली ठेवत, "पण तू भितुर कोणाक गाळी घालत होतस रे?"

मी त्यांचे दोन्ही हात ओढून बघितले. व्रण नव्हता.

आई म्हणाली, "थंयच्या जागेवाल्यान राखल्यान तुका. नारळ दी आणि गप ऱ्हव." जागेवाला म्हणजे त्या जागेचा राखणदार; त्याला नारळ दिला. गप्प राहता आलं नाही. डॉक्टर म्हणाले, कोंडल्यासारखं झालं की मन असे खेळ करतं; तुमच्याच एका हाताने तुम्हाला वाचवलं असेल. मॅनेजर म्हणाले, बाहेर बोलू नकोस.

डॉक्टरांचं मला पटवून घ्यायचंय हो, मनापासून! रोज प्रयत्न करतो. पण माझे दोन्ही हात ग्लोव्हजमध्ये होते, आणि दोन्ही मास्क उपटत होते. मोजायला बसलो की हात तीन होतात.

कोणाकडे काही उत्तर असेल तर जरूर सांगा. फक्त 'ऑक्सिजन कमी पडला असेल' म्हणू नका. तेवढं मीही स्वतःला सांगून बघितलंय.