अकोटच्या शेंगा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरीला नाही. तुम्हाला का सांगतेय – तेही मला नीट ठाऊक नाही.

अमरावतीत आमच्या कॉलनीत मला सगळे हसरी बाई म्हणूनच ओळखतात. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा ठरवलं, घरात बसून कुढायचं नाही. चार बायका गोळा केल्या आणि रोज संध्याकाळी मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर बसायला लागलो. चाराच्या दहा-बारा झाल्या. गाणी, उखाणे, एकमेकींची टिंगल. नियम एकच, आणि तो माझा – रडगाणं नाही. म्हातारपणी माणसांत राहावं, हसत राहावं, हे मी कार्यक्रमांत माईकवरूनही सांगते. लोक टाळ्या वाजवतात.

त्या ओट्यावर कमलबाई यायला लागल्या. अकोटच्या. नवरा गेल्यावर मुलानं इकडे आणलेलं. येताना डब्यात भाजलेल्या शेंगा आणायच्या, सगळ्यांना वाटायच्या, आणि मग – तीच गोष्ट. नवऱ्यानं चहा मागितला, ह्या म्हणाल्या थांबा जरा, आणि कप घेऊन गेल्या तर तो गेलेला. रोज तोच कप, रोज तोच चहा. माझं पाठ झालं होतं.

मी कंटाळले, असं म्हणता येईल. पण ते अर्धंच. त्या बोलायला लागल्या की बाकीच्या बायका सरकून त्यांच्याजवळ बसायच्या. कोणी हात धरायची. माझे विनोद इतकं मन लावून कोणी ऐकले होते कधी? मला त्यांचा हेवा वाटला. नवरा गेलेल्या बाईच्या दुःखाचा हेवा – लिहितानाही लाज वाटते.

मग मी काय केलं? बैठक कॉलनीच्या टोकाच्या बागेत हलवली. बहुतेकींची घरं त्याच बाजूला, सगळ्या खूश. कमलबाईंना मी निरोप देते, असं सांगितलं – आणि दिला नाही. बायकांनी विचारलं तेव्हा म्हटलं, इतक्या लांब जमत नाही म्हणाल्या. त्यांनी माना हलवल्या. इतकं सोपं होतं ते.

माझ्या गच्चीवरून तो ओटा दिसतो. बागेकडे निघायच्या आधी मी बघायची. कमलबाई बसलेल्या, मांडीवर डबा. मी मागच्या गल्लीनं जायची.

एक दिवस त्या माझ्या दारात आल्या. "बाया काहून येत नाई आता, मॅडम?"

खरं बोलायची वेळ तीच होती, नाही का? मी म्हटलं, बंदच पडलं हो सगळं. ज्याची त्याची कामं.

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "बरं झालं तुमी सांगतलं. मले वाटे, माह्यंच काई चुकलं."

आणि पुढे म्हणाल्या, "तुमाले तं माणसांची सवय. एकट्या पडल्या असान. मी येत जाईन."

आल्या की. रोज, नेमक्या त्याच वेळेला, डबा घेऊन – मी एकटी पडू नये म्हणून. नवरा त्या वेळी फिरायला गेलेला असायचा. मीही लवकर निघायला लागले. एकदा उशीर झाला, तर आतून कडी लावून भिंतीला टेकून उभी राहिले. "मॅडम, बरं हाय ना?" थोड्या वेळानं त्यांच्या चपलांचा आवाज फाटकाकडे गेला. मग मी मागच्या दारानं बागेत गेले आणि त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं हसले.

पावसाळ्याआधी त्या अकोटला परत गेल्या. इथं करमत नाही म्हणाल्या, असं मुलाकडून कळलं. तिथं एकट्याच राहतात.

दर वर्षी शेंगांचा हंगाम आला की तो मुलगा एक पिशवी दारात आणून देतो. पहिल्या वर्षी म्हणाला, "आई म्हणते, मॅडमलेच नेऊन दे. त्यायनंच मले खरं काय ते सांगतलं होतं."

त्या शेंगा मी भाजून बागेत नेते. बायका विचारतात, इतक्या गोड शेंगा कुठून आणल्या? बाजारातून, असं मी सांगते.